वृद्धांचे रक्षण आणि वृद्धांची इच्छा

मनुष्याचे वय उतरू लागले म्हणजे त्याच्या रक्षणाचा भार पुढच्या पिढीने उचलावा, हा आपल्या धर्माचा जुना दंडक आहे. परंतु रक्षण म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. गोमंतकातील आपल्या अनेक महाजन कुटुंबांत मुलेबाळे नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस, आखातात किंवा त्याहूनही दूर गेली आहेत आणि मागे मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे तेवढी उरली आहेत. त्यांपैकी काहीजण आता वृद्धाश्रमात किंवा खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहावयास जातात. "तेथे चौकीदार आहे, डॉक्टर येतो, फाटक बंद असते, काळजी मिटली," असे मुले म्हणतात. ही काळजी कोणाची मिटली, वृद्धांची की मुलांची, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आईबापांनी घर सोडून अशा ठिकाणी राहणे हाच मुळी अधर्म, असे मानणारा एक पक्ष आहे. त्या पक्षाने महाभारतातील आश्रमवासिक पर्व एकवार अवश्य पाहावे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे पांडवांपाशी राहिला. युधिष्ठिराने त्याला अन्नवस्त्र, सेवक, मानमरातब यांत काही उणे पडू दिले नाही. राजवाड्याहून सुरक्षित स्थळ दुसरे कोणते असणार? तथापि त्याच वाड्यात भीम त्या अंध वृद्धाच्या कानी पडेल अशा बेताने दंड थोपटून त्याच्या पुत्रांच्या वधाची बढाई मारीत असे. अखेर धृतराष्ट्राने वनात जाण्याचे ठरविले. युधिष्ठिर व्याकुळ झाला, त्याने नकार दिला. परंतु व्यासांनी त्याची समजूत घालून अनुज्ञा देवविली. गांधारी निघाली आणि कुंती तर पुत्रांच्या विनवण्या न मानता निघाली. तेव्हा घर सोडणे हाच दोष, असे म्हणता येत नाही. देहाला चारी बाजूंनी संरक्षण असूनही मनुष्य अरक्षित असू शकतो, हेच त्या वाड्याने दाखविले.

मात्र ही कथा येथे संपत नाही. पुढे काही वर्षांनी नारदांनी येऊन सांगितले, की धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती या तिघांचा वणव्यात अंत झाला. उपवासांनी क्षीण झालेल्या त्या राजाला पळण्याचे त्राण नव्हते. त्याने संजयाला तेवढे निघून जावयास सांगितले. हा वणवा लागला कसा? राजाच्याच यज्ञाचा अग्नी याजकांनी निर्जन रानात सोडून दिला आणि ते आपापल्या वाटेने निघून गेले. तोच वाढत गेला. मी पुरोहिताच्या घरात वाढलो असल्याने या ठिकाणी दर वेळी थबकतो. त्या याजकांच्या मनात काही दुष्ट हेतू होता, असे कोणी म्हणत नाही. आपले काम आटोपले, एवढेच त्यांनी मानले. आणि असे पराक्रमी पुत्र असताना वडिलांना अनाथासारखे मरण यावे, याचा शोक करीत युधिष्ठिर बसला.

असे याजक आजही आहेत. सन २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात इर्मा चक्रीवादळानंतर एका वृद्ध-शुश्रूषागृहातील हवा थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. मोठे रुग्णालय अगदी हाकेच्या अंतरावर होते. तरीही वृद्धांना वेळेवर हलविले गेले नाही आणि उकाड्याने १२ जणांचा बळी गेला. तेथे इमारत होती, पगारी माणसे होती, शेजारी वैद्यकीय साहाय्य होते. नव्हती ती फक्त जागती नजर. रक्षण ही विकत घेऊन ठेवण्याची वस्तू नव्हे. ते रोज, प्रत्येक रात्री नव्याने करावे लागते.

आता दुसरी बाजू पाहू. नजर जागती असावी म्हणजे वृद्धाला कोंडून ठेवावे काय? काही ठिकाणी फाटकाला सदैव कुलूप असते, मुलाच्या लेखी परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकता येत नाही, देवदर्शनास जावयाचे तरी अर्ज करावा लागतो. ज्यांची स्मृती गेली आहे, जे वाट चुकून रस्त्यावर जातील, त्यांच्यासाठी कुलूप ही दया आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अशा एकासाठी लावलेले कुलूप शहाण्यासुरत्या वीसजणांना लागू करणे ही दया नव्हे. ती चालकांची सोय आहे. पोलीस असल्याची बतावणी करून दूरध्वनीवरून वृद्धांना लुबाडणारे भामटे आज पुष्कळ झाले आहेत. त्यावर उपाय म्हणून आईच्या हातातील फोनच काढून घेणारा मुलगा चोराला अडवितो खरा, पण आईचा आवाजही बंद करतो. तिच्याजवळ बसून ती फसवणूक कशी ओळखावी हे समजावून सांगणे अधिक कष्टाचे आहे, आणि म्हणूनच ते खरे रक्षण आहे.

माझ्या मते कसोटी सोपी आहे. ज्या बंधनाने वृद्धाचे बळ वाढते, तो आधार. ज्या बंधनाने केवळ आपली झोप शांत होते, ते कुंपण. न्हाणीघरातील भिंतीची धरणी, न घसरणारी फरशी, रात्रीचा मिणमिणता दिवा, उशाशी घंटा, बाहेरूनही उघडता येणारी कडी, हे सर्व आधार होत. जगात अपघाती मृत्यूंमध्ये पडून झालेल्या मृत्यूंचा क्रम रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल लागतो आणि त्यांत साठीपुढील माणसे सर्वांत अधिक असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंचे मोल कळेल. केंद्र शासनाने सन २०१९ मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. जागा पाहावयास जाताना बागेची शोभा पाहण्याआधी रात्री जागा कोण असतो, आग लागल्यास चालू न शकणाऱ्यांना कोण उचलणार, हे विचारावे. आणि हे प्रश्न आईबापांस बरोबर नेऊन, त्यांच्या देखत विचारावेत.

कायदाही आपल्या बाजूस उभा आहे. सन २००७ च्या अधिनियमाप्रमाणे ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने वृद्धास टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन ती अट मोडल्यास ते दानपत्र रद्द करविता येते. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांना साहाय्य मागता येते. तो क्रमांक प्रत्येक घरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. परंतु कायदा टाकून देणाऱ्यास शिक्षा करील. दर महिन्यास पैसे पाठवून वर्षभर तोंड न दाखविणाऱ्यास तो काय करणार? तेथे धर्मच जागा हवा.

देवाची मूर्ती गाभाऱ्यात सुरक्षित असते, कुलूपही असते. तरी आपण तिला रोज जागवितो, स्नान घालतो, नैवेद्य दाखवितो, तिच्यापुढे उभे राहून बोलतो. कुलूप लावले म्हणजे पूजा झाली, असे कोणी मानीत नाही. घरातल्या किंवा आश्रमातल्या वृद्धांविषयीही आपली बुद्धी अशीच राहो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.