परवानगी कोणाची आणि कशाची?



भात कापणीला आले असताना अलिबाग तालुक्यातील आमच्या गावाहून फोन आला. वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर अजून माझे नाव आहे. शेत कसतो शेजाऱ्यांचा मुलगा. तो म्हणाला, "मावशी, रानडुकरांनी अर्धे भात लोळवले. दोघे शिकारी रात्री राखणीला बसायला तयार आहेत. पण मालकाची परवानगी हवी म्हणतात. तुम्ही फक्त हो म्हणा."

तोआ पायोहच्या अकराव्या मजल्यावर माझ्या मालकीची माती कुंडीपुरतीच. पण त्या क्षणी मी जमीनदारीण झाले! आपल्यापैकी अनेकांवर असा प्रसंग येऊ शकतो, म्हणून लिहिते.

आधी कायदा पाहू. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. पिकांची नासधूस करणारे काही प्राणी मारण्यास वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती देणे मालकाच्या हाती नाही. म्हणजे जमीन माझी असली तरी तीवरून चालणारे जनावर माझे नव्हे. माझा "हो" फक्त बांध ओलांडण्यापुरता.

पण कायद्याने मुभा दिली, तर प्रश्न मिटला का? माझ्या लहानपणी शिकारी आजोबांना रीतसर विचारीत आणि आजोबा मान डोलवीत. डुक्कर आपल्याला वर्ज्य, तेव्हा वाट्याचा प्रश्नच नव्हता. एकदा गोळी लागलेली डुकरीण निसटली. तिसऱ्या दिवशी ती आमच्याच बांधाखाली मेलेली सापडली; पिले तिला ढुसण्या देत होती. आजोबा एवढेच म्हणाले, "गोळी त्यांची, पण हो माझा."

अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडौ यांना एका धनाढ्य यहुदी जमीनदाराने विचारले होते, "माझ्या मालकीच्या रानात मी बंदुकीने शिकार करावी का?" तिथे मालकाची परवानगी हा प्रश्नच नव्हता, मालकच विचारीत होता! रब्बींनी उत्तर दिले की, तोरात शिकारी म्हणून निम्रोद आणि एसाव यांचीच नावे येतात. मौजेसाठी जीव घेणे ही अब्राहामाच्या लेकरांची रीत नव्हे. ज्याचे पोट शिकारीवर आहे त्याला मात्र त्यांनी दोष दिला नाही.

मी आयुष्यभर नर्सचे काम केले. रुग्णाच्या सहीवाचून सुरी लावता येत नाही. पण सही मिळाली म्हणून ऑपरेशन गरजेचे ठरत नाही. ते वेगळे ठरवावे लागते. परवानगीचेही तसेच. ती आपल्याला चोर होण्यापासून वाचवते, निर्दय होण्यापासून नाही.

मी त्याला नाही म्हटले. परंतु अकराव्या मजल्यावरून नाही म्हणणे फुकटचे असते; भात त्याचे गेले होते. म्हणून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायला सांगितले, यंदाचा खंड सोडला आणि कुंपणासाठी पैसे पाठवले.

"कुंपणानेही भागले नाही तर?" त्याने विचारले.

"तर वनखात्याचा कागद काढ. मी आड येणार नाही," मी म्हटले. पण त्या दिवशी सातबाऱ्याप्रमाणे तो जीवही माझ्या नावावर लागेल, हे मी विसरणार नाही.