सशाचे ऋण
अहिंसा परमधर्म मानणाऱ्या समाजाने प्रयोगशाळेतील सशाचा प्राण कोणत्या न्यायाने मागावा, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो; कारण ज्या सशांवर आधी परीक्षा घेऊन वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःच्याच देहात टोचून घेतली, त्या सशांच्या वेदनेचे ऋण आपल्या शिरावर आहे. ते मान्य करणे म्हणजे प्रयोग बंद करणे नव्हे. अनावश्यक प्रयोग टाळावा, वेदनाशमनात कसूर करू नये, प्रत्येक जिवाचा हिशेब द्यावा. पण संशोधकाप्रतिही समाजाचे कर्तव्य आहेच. पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ साली हीच लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा दोषारोप हाफकिन यांच्या माथी आला आणि रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहून हाफकिन निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले.