वर्गातले तीन सेकंद

शाळेविषयी आपल्या समाजात जे बोलले जाते ते बहुतेक माध्यमाविषयी, फीविषयी आणि निकालाविषयी. उर्दू की मराठी की इंग्रजी, हा वाद आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होऊन गेला आहे. दहावीच्या निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होतात, व्यासपीठावरून २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाचे दाखले दिले जातात, समाज शिक्षणात मागे का राहिला यावर वक्ते कळकळीने बोलतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु मूल वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ज्या खोलीत बसते, त्या खोलीत रोज काय घडते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पालक विचारतात, 'आज काय शिकवलं?' शिक्षक विचारतात, 'पोर्शन कुठवर आला?' या दोन प्रश्नांच्या मधोमध जे काही असते ते कोणाच्याच वहीत लिहिले जात नाही.

फिलिप जॅक्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचे वर्गातील जीवनावरचे पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध झाले. प्राथमिक वर्गांत बसून त्याने जे टिपले ते वरवर क्षुल्लक आहे. त्याचे एक निरीक्षण असे की, वर्गात मुलाचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. वही तपासून होण्याची, फळा पुसला जाण्याची, आपला नंबर येण्याची, घंटा होण्याची वाट. पुस्तकातल्या धड्यांच्या आड मूल आणखी एक अभ्यासक्रम शिकत असते, त्याला त्याने 'छुपा अभ्यासक्रम' म्हटले. गर्दीत कसे राहावे, कोणाची शाबासकी मोलाची, सत्ता कोणाच्या हाती, हे त्या अभ्यासक्रमाचे विषय. त्याची परीक्षा होत नाही, पण त्यात कोणी नापासही राहत नाही. सगळी मुले तो पक्का शिकतात.

मूल एवढी वाट पाहते. मग शिक्षक मुलाची किती वाट पाहतो?

हे मोजले मेरी बड रो या विदुषीने. विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून तिने १९७० च्या दशकात निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. उत्तर आले नाही की प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा एक सेकंद तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरे लांबली, 'येत नाही' म्हणणारी मुले कमी झाली, आणि ज्यांना शिक्षकांनी 'ढ' म्हणून सोडून दिले होते तीही बोलू लागली. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वर्गातली सर्वांत हुशार पाच आणि सर्वांत कच्ची पाच मुले कोणती, हे तिने शिक्षकांकडूनच जाणून घेतले. मग ध्वनिफिती तपासल्या. हुशार पाचांसाठी शिक्षक जवळजवळ दोन सेकंद थांबत होते, कच्च्या पाचांसाठी एक सेकंदसुद्धा नाही. ज्याला वेळ जास्त लागणार, त्यालाच तो कमी मिळत होता. यात कोणाच्याही मनात दुष्टपणा नव्हता. हुशार मुलाकडून उत्तर येणार याची खात्री असते म्हणून आपण थांबतो, दुसऱ्याकडून आशाच नसते म्हणून पुढे जातो. आपल्या अपेक्षेचे वजन सेकंदांत मोजता येते, हे त्या ध्वनिफितींनी दाखवले.

हा हिशेब मी आमच्या वारज्याला लावून पाहतो. एकेकाळी हवेली तालुक्यातले हे मुठेकाठचे गाव आता पुणे महापालिकेत पार विरघळून गेले आहे. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कडेला टोलेजंग सोसायट्या, माळवाडीत जुनी घरे, रामनगरात दाटीवाटीची वस्ती. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, कर्नाटकातून कामासाठी आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. उर्दूच्या नावाजलेल्या शाळा राहिल्या कॅम्पात. सहा वर्षांचे मूल रोज तेवढे अंतर कसे जाणार? तेव्हा आमच्या भागातली बरीच मुस्लिम मुले मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत बसतात. एका बाकावर घरी वऱ्हाडी बोलणारा, दुसरीकडे कन्नड, तिसरीकडे लमाणी, चौथीकडे आमची दखनी.

दखनी ही मराठीची शेजारीण. 'नको' हा शब्द तर दोघींच्या सामाईक मालकीचा. वर्गाच्या खोलीतही शेजार आहेच. हजेरी, दप्तर, शाई, कागद, वजाबाकी हे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीत असे रुळले आहेत की त्यांना कोणी पाहुणे म्हणत नाही. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला या भाषाशास्त्राचा काय उपयोग? त्याच्या घरी किताब 'ती' असते. वर्गात तो 'माझी पुस्तक' म्हणतो आणि मागच्या बाकापर्यंत हसू फुटते. बाईही हसतात, प्रेमाने हसतात. दुसऱ्या दिवशी बाई विचारतात, 'पावसाचं पाणी कुठं जातं?' मुलाला उत्तर ठाऊक आहे. पण प्रश्न आधी घरच्या भाषेत जातो, उत्तर तिथे तयार होते, मग ते मराठीत येते, मग 'तो-ती-ते' यांची चाळणी लागते, आणि शेवटी कालच्या हसण्याचे भय ओलांडावे लागते. एवढा प्रवास एका सेकंदात होत नाही. तोवर दुसरा हात वर आलेला असतो, 'बरोबर' म्हणून झालेले असते. हेच महिनोन्महिने झाले की प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'वर्गात सहभाग नाही'. अशा शेऱ्यांची बेरीज पुढे समाजाच्या मागासलेपणाच्या खात्यात जमा होते.

आता खरा प्रश्न. या मुलासाठी दोन सेकंद जास्त थांबणे म्हणजे काय? त्याच्यावर दया करणे, की त्याचे देणे देणे?

बहुतेक भली माणसे म्हणतील, दया. 'चांगल्या शिक्षकाने एवढे करावे.' म्हणजे केले तर कौतुक, नाही केले तर तक्रार नाही. आपल्या धर्मविचारात अद्ल आणि एहसान अशा दोन कल्पना आहेत. ज्याचे जे आहे ते त्याला देणे हा अद्ल. त्याहून अधिक, मनाच्या मोठेपणाने देणे हा एहसान. कुरआनच्या सोळाव्या सूरहमध्ये दोहोंची आज्ञा एकत्रच आली आहे. वर्गातले वाढीव सेकंद लोक एहसानमध्ये घालतात. माझे म्हणणे असे की ते अद्लमध्ये पडतात. प्रश्न विचारणे म्हणजे उत्तराला जागा देण्याचा करार आहे. शिक्षकाने साऱ्या वर्गाला प्रश्न विचारला आणि वेळ मात्र ज्यांना पुरेल त्यांच्याचपुरता दिला, तर प्रश्न सगळ्यांना विचारलाच नव्हता. मोजून सर्वांना एकेकच सेकंद दिला तरी तो समान होत नाही. एकाला त्यात फक्त उत्तर आठवायचे असते, दुसऱ्याला ते आठवून वर तरजुमाही करायचा असतो.

यावर हुशार मुलाचे पालक विचारतील, आमच्या मुलाचा वेळ का खर्ची घालता? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावू नये. आकडेमोड करून पाहू. ३५ मिनिटांचा तास. त्यात शिक्षकाने ३० प्रश्न विचारले असे धरा. प्रत्येकामागे दोन सेकंद अधिक, म्हणजे सगळे मिळून एक मिनिट. एवढा वेळ तर खडू शोधण्यात जातो. शिवाय रो यांच्या निरीक्षणात थांबल्यामुळे उत्तरे लांबली आणि मुले एकमेकांशी अधिक बोलू लागली, म्हणजे हुशारांचेही नुकसान झाले नाही. पण समजा झाले असते, त्यांचे एक मिनिट खरोखर वाया गेले असते, तरीही माझे उत्तर बदलणार नाही. कारण पहिल्या बाकावरच्या मुलाला आजवर जो सगळा वेळ मिळत होता, त्यातला काही त्याचा नव्हताच.

ऐंशीव्या सूरहचा, 'अबस'चा, प्रसंग येथे आठवतो. बहुसंख्य भाष्यकारांनी तो असा सांगितला आहे. मक्केत पैगंबर मुहम्मद (स.) कुरैशांच्या बड्या सरदारांशी बोलत होते. हे लोक वळले तर सारे शहर वळेल, अशी आशा होती. तेवढ्यात अब्दुल्ला इब्न उम्म मकतूम हे अंध गृहस्थ काही विचारायला आले. बोलण्यात खंड पडला. पैगंबरांच्या कपाळावर आठी आली आणि त्यांनी चेहरा वळवला. त्यावर ईश्वरी समज उतरली, की जो बेपर्वा आहे त्याच्याकडे लक्ष दिले जाते आणि जो स्वतः धावत आला त्याच्याकडे नाही. पुढे पैगंबरांनी त्यांचा सदैव मान राखला. ते मुअज्जिन झाले, आणि पैगंबर मदिनेबाहेर गेले असता त्यांच्या मागे तेथील जबाबदारीही त्यांनी सांभाळली. मला या प्रसंगात एक गोष्ट नेहमी अडवते. अब्दुल्ला अंध होते. ती आठी त्यांना दिसलीच नसणार. ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याला दिसलेही नाही, तरीही त्या क्षणाची नोंद झाली. वर्गातल्या मुलाला तर शिक्षकाचा चेहरा स्वच्छ दिसतो.

लक्ष मिळाले म्हणजे सगळे झाले असेही नाही. आमच्या मुलांना एका प्रकारचे लक्ष भरपूर मिळते. ईद जवळ आली की त्याला उभे केले जाते. 'सांग रे, तुमच्यात काय करतात?' अपूर्णांक कधी विचारला नाही, भूगोल विचारला नाही, रोजा मात्र हमखास. शिक्षकाचा हेतू चांगलाच असतो. सर्व धर्मांची ओळख व्हावी, सलोखा वाढावा. पण आठ वर्षांचे मूल बाकावरून उठते ते वीस कोटी लोकांचे वकीलपत्र घेऊन. कुर्बानीविषयी कोणी नाक मुरडले तर त्याने काय उत्तर द्यावे? ते तर शिरखुर्म्याच्या वाटीपलीकडे काही जाणत नाही. तेच हजेरीचे. वर्गात चार शेख असले की नाव जाते, 'शेख एक, शेख दोन' उरतात. मुलाला त्याच्या नावाने हाक मारून बेरीज विचारणे, हा माझ्या मते सलोख्याचा जास्त भरवशाचा मार्ग आहे.

कायदा येथवर पोहोचत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी केली. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात पाढे आले नाहीत म्हणून एका मुस्लिम मुलाला वर्गातल्या मुलांकरवी थपडा मारवल्या गेल्या. चित्रफीत पसरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते घडले हे देशाला कळले, कारण कोणीतरी मोबाईल धरला होता. न मारता, न ओरडता, केवळ पुढच्या मुलाकडे वळून जे घडते त्याची चित्रफीत निघत नाही.

शिक्षकांवर सगळे ढकलून मोकळे होणेही बरे नव्हे. निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, हे उरकता उरकता जो वर्गात येतो त्याचा श्वासही एका सेकंदाचाच असतो. वारज्याहून बसने सहज जाता येईल अशा अंतरावर बुधवार पेठेत भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी तेथे मुलींची शाळा काढली. फातिमा शेख यांच्याविषयी अलीकडे उलटसुलट वाद झाले. आपण त्यांच्या नावाने पुरस्कार देतो, भाषणे करतो. पण खात्रीचा कागद म्हणून हाती राहते ते सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र. आजारपणात माहेरी असताना त्यांना काळजी आहे ती आपल्यामागे फातिमावर पडणाऱ्या कामाची. त्या उल्लेखात ना गौरव आहे ना इतिहास, आहे फक्त एका बाईचा दुसरीच्या रोजच्या श्रमाचा विचार. शिक्षिकेच्या थकव्याचा इतका साधा विचार आज कोणती शाळासमिती करते?

आणि आपण पालक? घरात आपला सेकंद शाळेपेक्षाही आखूड असतो. मूल काही सांगू लागले की 'चल, जल्दी बोल'. मग पालकसभेत 'तुमचा मुलगा बोलत नाही' असे ऐकले की आपण शिकवणी लावतो. तेथे तयार उत्तरे मिळतात, त्यांना विचार करायला वेळच लागत नाही. त्याहून अवघड आहे ते आयांचे सांगणे. २ जून २०१४ रोजी हडपसरमध्ये मोहसीन शेख या तरुणाला जमावाने ठार केले. त्यानंतर पुण्यातल्या किती मुस्लिम घरांतून सकाळी दप्तरासोबत एक सूचनाही जाऊ लागली असेल, 'कुणाशी वाद घालू नको, मागे बस, गप्प राहा.' ही भीती खोटी नाही, म्हणून त्या माउलीला मी दोष देऊ शकत नाही. पण गप्प राहण्याची ही तालीम घेऊन आलेल्या मुलासमोर वर्गात एकच सेकंद थांबले, तर दोन्हीकडून दार लागते.

थांबण्यातही तारतम्य हवे, हे शिक्षकांना सांगायला नको. आधी नाव घेऊन मुलाला उभे केले, मग प्रश्न विचारून तीन सेकंद त्याच्याकडे रोखून पाहिले, तर ती शिक्षाच. चाळीस जोडी डोळ्यांखाली तीन सेकंद फार मोठे होतात. आधी प्रश्न, मग शांतता, आणि नाव सगळ्यांत शेवटी, हा क्रम बरा. उत्तर संपले असे वाटल्यावरही क्षणभर 'बरोबर' म्हणू नये. मूल पुष्कळदा अर्ध्यावर शब्द शोधत असते. 'माझी पुस्तक' आले तर बाईंनी पुढच्या वाक्यात सहज 'तुझं पुस्तक' म्हणावे. मुले कानाने शिकतात.

पालकसभेला जाणाऱ्यांनी या वर्षी गुणांची चौकशी जरा मागे ठेवून वर्गशिक्षकांना विचारून पाहावे, 'या महिन्यात आमचं मूल वर्गात किती वेळा बोललं?' बहुधा त्यांना सांगता येणार नाही. त्यावर रागावू नये. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारावे.