प्रेक्षणीय खडक आणि खडी

वारज्यासारख्या ठिकाणीं राहणाऱ्या कुटुंबानें सुट्टीच्या दिवशीं सिंहगड चढण्याचा बेत करावा, हें स्वाभाविकच आहे. खडकवासल्यावरून डोणजें, तेथून आतकरवाडीची पायवाट. शिदोरी काय घ्यावी, पहाटे किती वाजतां निघावें, वृद्धांना सोबत न्यावें कीं नाहीं, या सर्वांचा खल होतो. परंतु आपण पाहावयास काय जातों, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

इतिहासाचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तर आपण खडकच पाहावयास जातों. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला आणि त्यावर पुन्हां वाहिला. त्या थरांच्या कडा झिजून आपल्या डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. भूगर्भशास्त्रांतील ‘ट्रॅप’ हा शब्दही जिन्याच्या स्वीडिश नांवावरूनच आलेला आहे. हाच काळा पाषाण वारज्याच्या टेकड्यांतही आहे. मात्र घराजवळ आपण त्याला खडी म्हणतों. एकाच कुळांतील दोन दगडांपैकीं एकास नमस्कार आणि दुसऱ्यास सुरुंग, हा कोणता न्याय?

यावर कोणी म्हणेल कीं, दगड फोडल्यावांचून घर होत नाहीं. तें आम्हांस मान्य आहे. सिंहगडाचे तट दगडाचेच आहेत. पुण्यांतील पाताळेश्वराचें लेणें तर आठव्या शतकांत अखंड खडक कोरूनच झालें. तेव्हां फोडणें हाच अपराध नव्हे. प्रश्न मर्यादेचा आहे. तोडलेल्या झाडाच्या जागीं दुसरें लावतां येतें. फोडलेली टेकडी कोणत्याही श्रमानें पुन्हां उभी राहत नाहीं, आणि तिच्याबरोबर पावसाचें पाणी मुरण्याची जागाही जाते. जें परत करतां येत नाहीं, तें किती घ्यावें हें केवळ आजच्या बाजारभावावरून ठरवूं नये. शिवाय जें सुंदर तेवढेंच राखावें, हा नियमही आम्हांस अपुरा वाटतो. कारण त्यानें दूरचा गड वांचतो आणि घरामागची टेकडी जाते.

म्हणून सिंहगडाच्या बेतांत आणखी एक सकाळ घालावी, असें आम्ही सुचवितों. आधीं मुलांना घराजवळच्या टेकडीवर न्यावें आणि जेथें ती कापली आहे तेथें खडकाचे थर दाखवावे. मग गडावरून खालीं पसरलेलें शहर पाहतांना, त्या घरांत कोठला दगड गेला आहे, हें त्यांस वेगळें सांगावें लागणार नाहीं.