मधोमध म्हणजे बरोबर नव्हे

फायबरच्या छोट्या होडीला आउटबोर्ड इंजिन लावायचं, तर ते मागच्या फळीवर अडकवून स्क्रू आवळले की काम झालं, असं होत नाही. पंख्याच्या जरा वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत यावी, फार तर इंचभर खाली असावी, हा सुरुवातीचा हिशेब. म्हणून आखूड दांड्याचं इंजिन 15 इंच उंच फळीला आणि लांब दांड्याचं 20 इंच उंच फळीला.

इंजिन फार वर राहिलं, तर पंखा हवा ओढतो. आवाज चढतो आणि होडी रेटा घेत नाही. थंड पाणी आत घेणारी जाळी उघडी पडली तर इंजिन तापतंही. फार खाली गेलं, तर होडी जड चालते, पेट्रोल जास्त पिते. ठाणे-कल्याणच्या खाडीत ओहोटीला पाणी हटलं की पंखा गाळात जातो, ते वेगळंच.

मग बरोबर उंची या दोन चुकांच्या मधोमध असते का?

मध्यम मार्गाचा उपदेश या खाडीला नवा नाही. सातवाहन काळात कल्याण हे नावाजलेलं बंदर होतं आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे. त्यांच्या धर्मपरंपरेत सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट येते. चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा बुद्धाने त्याला त्याच्याच वीणेची आठवण करून दिली: तार फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. गीतेचा सहावा अध्यायही अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला एकाच रांगेत बसवतो. मात्र किती खावं, ते सांगत नाही.

ॲरिस्टॉटल इथे एक पाऊल पुढे जातो. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडं, म्हणून सहा माप सगळ्यांना योग्य ठरत नाही. मायलो या पहिलवानाला ते कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. शिवाय मध्य दोन्ही टोकांपासून सारखा दूर नसतो. शौर्य भित्रेपणापेक्षा अविचारी धाडसाच्या जवळचं, असं तो म्हणतो आणि जास्त घातक टोकापासून आधी लांब राहा, हे सांगताना दाखला देतो तो होमरच्या काव्यातल्या जहाजाचाच.

होडीवर हे पटतं. पंखा हवा ओढत नाही तोवर इंजिन जितकं वर घेता येईल तितकं घ्यावं, हा अनुभवी लोकांचा सल्ला. म्हणजे योग्य जागा वरच्या चुकीला जवळजवळ खेटून असते. गंमत अशी, की वरची चूक लगेच बोंबलते आणि खालची मुकाट्याने पेट्रोल खाते. म्हणूनच खालच्या चुकीला ‘सांभाळून राहणं’ असं चांगलं नाव मिळतं. आध्यात्मिक आळसालाही बहुधा असंच मिळत असावं.

त्यामुळे चाचणी भरतीच्या पाण्यात, नेहमीचं वजन घेऊन करायची. इंजिन बोल्टच्या एका भोकाने वर घ्यायचं, बोल्ट आवळायचे, वेग देऊन होडी झपकन वळवायची. आवाज एकदम चढला तर पुन्हा एक भोक खाली. आणि ही चाचणी रिकाम्या होडीवर केली असेल, तर मासेमारीची जाळी आणि चार माणसं चढल्यावर ती नव्याने करायची.