शिमोनाच्या घरी पाणी नव्हते

शास्त्रवाचन : लूक ७:३६-५०, याकोब २:१-४



शिमोन परुश्याच्या घरच्या जेवणाची गोष्ट आपणांस नवीन नाही. या भागावर संदेश देताना आम्हीही आजवर त्या पापी स्त्रीच्या अश्रूंवर व तिला मिळालेल्या क्षमेवरच बोलत आलो. क्षमा हाच या वृत्तांताचा गाभा आहे, यात शंका नाही. परंतु गेल्या पावसाळ्यापासून आमचे लक्ष वारंवार त्या घरच्या यजमानाकडे जाते. पाहुणा आला म्हणजे पाय धुण्यास पाणी द्यावे, चुंबन घेऊन त्याचे स्वागत करावे, मस्तकाला तेल लावावे, अशी त्या देशाची रीत होती. शिमोनाने यांपैकी एकही गोष्ट केली नाही आणि प्रभूने त्या तिन्ही एकेक करून मोजून दाखविल्या.

चांगल्या चालीरीती ही वरवरची बाब आहे, आत्म्याशी तिचा काय संबंध, असे म्हणणारे बंधू आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांनी ही वचने पुन्हा वाचावीत. मात्र हेही पाहावे की, प्रभू दारातून आत आला तेव्हा त्याने तक्रार केली नाही. आपला मान राहिला नाही म्हणून तो बोलला नाही. पायांशी बसलेल्या स्त्रीला शिमोन मनात तुच्छ लेखू लागला, तेव्हाच त्याने हा हिशेब काढला. आणि शिमोनाला रीत ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? परुशी तर रीतिभातीत मुरलेले. यरुशलेमेहून एखादा मोठा शास्त्री आला असता, तर घंगाळभर पाणी पुढे आले असते असे आम्हांला वाटते. रीत कोणासाठी पाळायची आणि कोणासाठी सोडायची, हे तो पुरते शिकलेला होता. हे शिक्षण माणसाला केव्हा मिळते? आमच्या मते शाळेत जाण्यापूर्वीच.

म्हणून आज तीन ते पाच वर्षांच्या लेकरांविषयी व त्यांच्या पुस्तकांविषयी थोडे लिहीत आहोत.

बैहर हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. बालाघाटहून गांगुलपाऱ्याचा घाट चढून वर यावे लागते. सभोवती सालाचे वन, पुढे कान्ह्याचे जंगल, आसपासच्या खेड्यांत गोंड व बैगा लोकांची वस्ती. वाराशिवनी-लांजीच्या बाजूला मराठी कानावर पडते. इकडे वर मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. उपासना हिंदीत, शाळा हिंदीत, मुलांची भांडणेही हिंदीत. मराठी आमच्या लेकरांना भेटते ती आईच्या मांडीवर आणि पुस्तकात. यामुळे गोंदियाला किंवा नागपूरला कोणी निघाले की, आम्ही त्याच्या हाती चित्रांच्या पुस्तकांची यादी देतो. आणलेली पुस्तके संडे स्कूलच्या शिशुवर्गात आळीपाळीने फिरतात व पाने सुटेपर्यंत वाचली जातात.

या पुस्तकांत सद्गुण शिकविणारी पुष्कळ असतात. प्रत्येक पानावर एक आज्ञा : हात धू, खोटे बोलू नको, मोठ्यांना नमस्कार कर, आभार मान. शेवटच्या पानावर शहाणे बाळ हसत उभे असते. ही पुस्तके वाईट नाहीत. पण चार वर्षांचे मूल आज्ञा ऐकत नाही, ते चित्र पाहते. चित्रात खुर्चीवर कोण बसले आहे, खाली कोण बसले आहे, खाऊ कोणाच्या हातात आहे आणि नुसते बघत कोण उभे आहे, हे ते आपल्या आधी पाहते. मग पुस्तक मिटून ते आपल्याच घराचे चित्र पाहू लागते.

योहान आमोस कोमेनियस या मोरावियन बांधवांच्या बिशपाने ही गोष्ट पावणेचारशे वर्षांपूर्वी ओळखली होती. तीस वर्षांच्या धर्मयुद्धात त्याला घरदार सोडावे लागले, पत्नी व दोन मुले रोगाच्या साथीत गेली. अशा स्थितीत त्याने सहा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या शिक्षणावर आईबापांसाठी पुस्तक लिहिले. आईची मांडी ही पहिली शाळा, असे त्याचे मत. पुढे १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याचे चित्रमय पुस्तक निघाले. मुलांसाठी छापलेल्या पहिल्या सचित्र पुस्तकांत त्याची गणना होते.

आपल्या मराठी मंडळ्यांचाही याबाबतीत वारसा लहान नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' काढले आणि त्याच शतकाच्या आठव्या दशकात मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक सुरू केले. पंडिता रमाबाईंनी तर खेड्यातील अडाणी बाईलाही समजावे म्हणून संपूर्ण शास्त्राचे भाषांतर सोप्या मराठीत केले. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये ते शास्त्र केडगावच्या मुक्ति मिशनमधून बाहेर पडले. शिशुवर्गाच्या शिक्षकांनी रमाबाईंचा हा कित्ता गिरवावा. पुस्तकातील जड शब्द लेकरापुढे तसाच टाकू नये. घरात जो शब्द चालतो तो घालून वाचावे.

आता गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. ती सांगताना आमची मान खाली जाते, पण सांगणे भाग आहे.

आमच्याकडे जंगलपट्टीतून एक वृद्ध बैगा बाई येते. पावसाळ्यात करील, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, उन्हाळ्यात चार, हिवाळ्यात आवळे असे काहीबाही घेऊन येते. आमच्या वडिलांच्या काळापासून तिचे येणे आहे. तिला चहा द्यायचा, हीही तेव्हापासूनची रीत. आणि त्या चहासाठी कड उडालेला एक कप ओसरीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला असे, हीही तेव्हापासूनचीच. ती पायरीवर बसून चहा पिई, कप स्वतः विसळी आणि खिळ्याला लावून जाई. जात मानून आम्ही हे करतो असे आम्हांला कधी वाटलेच नाही. आम्ही त्याविषयी विचारच केला नव्हता. घरात सगळे तिला 'करीलवाली' म्हणत. आमची साडेचार वर्षांची धाकटीही 'ए करीलवाली, चहा घे' असे म्हणे व आम्ही कौतुकाने हसत असू. हीच मुलगी आजोबांना तुम्ही म्हणते, पाळकसाहेबांना दोन्ही हात जोडून सलाम करते, खाऊ मिळाला की न सांगता आभार मानते. शिशुवर्गात तिची वागणूक इतरांना दाखवावी अशी.

एका रात्री आम्ही तिला जक्कयाचे पुस्तक वाचून दाखवीत होतो. बुटका जक्कय झाडावर चढला, प्रभूने त्याला खाली बोलाविले, त्याच्या घरी उतरला. चित्रात मेजावर भांडी मांडलेली होती. ती बराच वेळ बोट ठेवून पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, जक्कयने येशूला कोणता कप दिला? घरातला की खिळ्यावरचा?"

आम्ही म्हटले, "झोप आता, उशीर झाला."

बंधुभगिनींनो, धर्मज्ञानाची पदविका घेताना आम्ही याकोबाच्या पत्रावर निबंध लिहिला होता. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्रांतल्याला पायांजवळ बसविणे, यावर चार पाने भरली होती. आमच्या पणज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नसत. वरून कोणी ओतील ते पाणी तो ओंजळीने पिई. ही साक्ष आम्ही किती सभांमध्ये सांगितली आहे! आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांची हीच कहाणी आहे. आणि त्याच पणज्याच्या घरात आम्ही खिळ्यावर कप टांगून ठेवला होता.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त आपले सोवळे कसे सुटत गेले ते काहीही न लपविता लिहिले आहे. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९०० मध्ये; मधल्या काळात त्यांची चूलही निराळी होती. मोठ्या माणसाच्या मनातून एक भांडे निघायला किती वर्षे लागतात, ते तेथे वाचावे. मूल मात्र कप खिळ्यावर लावायला दोन दिवसांत शिकते.

तेव्हा शिक्षकांना व आईबापांना आमची विनंती आहे. पुस्तक मांडीवर घेऊन वाचा, समोर उभे राहून नव्हे. रविवारी एक नवे पुस्तक उरकण्याची घाई नको. एकच पुस्तक महिनाभर चालू द्या. मुलाला चित्रात काय दिसते ते त्याला बोलू द्या, आणि त्याने अडचणीचा प्रश्न विचारला तर आमच्यासारखे झोपायला सांगू नका. आभार मानून घेण्यासाठी खाऊ हातात अडवून धरणे, हा प्रकार आमच्याही वर्गात होता. दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ जण परतले नाहीत तेव्हा प्रभूने ते कोठे आहेत असे विचारले, त्याला वाईट वाटले असावे; पण त्यांचे शुद्ध होणे त्याने परत घेतले नाही. आणि मंदिराचे आवार झाडणाऱ्या बाईला आपण मुलांसमोर कोणत्या नावाने हाक मारतो, इकडेही लक्ष असावे. शिशुवर्ग सुरू होण्यापूर्वी मुले तेच ऐकत असतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही कप फेकून दिला. एवढ्याने सर्व नीट झाले असे नाही. ती बाई पुढल्या खेपेला आली, तेव्हा तिला आत बोलाविले तर येईना. खिळ्याकडे पाहून 'मेरा कप किसने लिया' असे विचारू लागली. घरातला कप दिला तर तो धरताना अवघडली, निम्मा चहा तसाच ठेवून गेली. आम्हांला वाटले, हिचे येणेच आता तुटते की काय. वर्षानुवर्षे पायरीवर बसविलेल्या माणसाने एका हाकेसरशी आत यावे, ही अपेक्षाही आमचीच.

मार्ग निघाला तो धाकटीकडून. बाई आत येईना म्हणून ती बाहेर जाऊन पायरीवर तिच्याशेजारी बसली आणि जक्कयाचे पुस्तक उघडून तिला दाखवू लागली. शब्द मराठी, सांगणे अर्धे हिंदीत. आईने शिकविल्याप्रमाणे आता 'आजी' म्हणत होती. जक्कय उंबरावर चढला हे ऐकून म्हातारीने पुस्तक जवळ ओढले, पान निरखून पाहिले आणि जोराने मान हलविली. हे उंबर नव्हे. उंबराला इकडे डूमर म्हणतात. डूमरचे पान असे नसते, आणि फळ फांदीच्या टोकाला नसते, खोडाला लगडलेले असते. चित्र परदेशी पुस्तकावरून घेतलेले; तिकडे त्याच नावाने ओळखले जाणारे भलतेच झाड चित्रकाराने काढले होते. यरीहोच्या त्या झाडाची फळे खरोखरच आपल्या उंबरासारखी खोडाला व जाड फांद्यांना लागतात. आम्ही इतकी वर्षे तो पाठ शिकवीत होतो, पण चित्रातली चूक आमच्या ध्यानात आली नव्हती.

पुढच्या खेपेला तिने डूमरची डहाळी आणली, फळांसकट. पाने वाळवून आम्ही त्या पानावर खळीने चिकटविली आहेत. फळ फोडून आतले किडे दाखविले तेव्हा शिशुवर्गातली सगळी लेकरे ओरडली. अलीकडे ती ओसरीपर्यंत येते, अजून आत येत नाही. चहा पुरा पिते. धाकटी तिला विचारते, "आजी, तुम्ही उंबरावर चढल्या होत्या का?" आणि ती सांगत बसते, कोणत्या नाल्यावर कोणते झाड आणि लहानपणी अस्वलाच्या आधी फळे कशी वेचीत असत.