थांबण्याचा फॉर्म नसतो

गेल्या उन्हाळ्यात साकोलीला मामाच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ॲस्पिरिन चघळायला दिली, क्लोपिडोग्रेलच्या चार गोळ्या गिळायला लावल्या आणि नागपूरला पाठवलं. करायला हवं तेच केलं. नागपूरला अँजिओग्राफीत दिसलं, डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा. बायपास लागणार, तीही लवकर. आता अडचण त्याच चार गोळ्यांची होती.

रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात म्हणून गुठळी होते. क्लोपिडोग्रेल हे चिकटणं बिघडवतं. तुंबलेल्या धमनीला ते हवं असतं, उघडलेल्या छातीला नको. मी सॉफ्टवेअरवाला, माझा पहिला प्रश्न: रोलबॅक नाही का? नाही. एकदा बिघडलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते. ती जगते सात ते दहा दिवस, रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. म्हणून जमलं तर पाच दिवस थांबतात.

जमलं तर.

मामी म्हणाली, "अन् रातच्याला काही झालं तं?" मी फोनवर शोधत बसलो. २००१ च्या 'क्युअर' चाचणीत १२,५६२ रुग्ण होते. ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची जोड दिल्यावर हृदयविकारानं मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात ११.४ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आले. मोठा रक्तस्राव २.७ वरून ३.७ वर गेला. वाचून बरं वाटलं, पण मामा यातल्या कुठल्या टक्क्यात, हे कोण सांगणार?

संमतीपत्रावर रक्तस्रावाचा धोका लिहिला होता. थांबण्यात धोका होता, त्यासाठी मात्र कुणी सही मागत नव्हतं. कापलं आणि रक्त थांबलं नाही, तर ते कुणीतरी केलेलं. वाट पाहताना हृदय बंद पडलं, तर ते आपोआप झालेलं. मला हा फरक खोटा वाटतो. थांबायचं ठरवणं हेही ठरवणंच आहे.

तासभर हे सगळं आम्ही व्हरांड्यात बोललो. मामा आत पूर्ण शुद्धीत होता, त्याला कुणीच विचारलं नव्हतं. याची मला अजून लाज वाटते.

विचारलं तेव्हा त्यानं सर्जनला एवढंच विचारलं, "थांबलो तं मी इथंच राहीन ना?" ते म्हणाले, "इथंच, आयसीयूत." "मंग थांबू. पुन्हा दुखलं तं कापा."

तिसऱ्या रात्री दुखलं. पहाटे ऑपरेशन झालं. रक्तस्राव थांबेना म्हणून संध्याकाळी छाती पुन्हा उघडावी लागली. आम्ही रक्तपेढीत रांग लावली, माझे दोन मित्र थेट ऑफिसातून आले.

मामा वाचला. तरी गावात म्हणतात, डॉक्टरनं घाई केली. दुसऱ्या रात्री तो गेला असता तर हेच लोक म्हणाले असते, वेळ आली होती बिचाऱ्याची.

आता तो रोज ॲस्पिरिन घेतो. दाढी करताना कापलं की फोन करतो: "बाबू, किती वेळ दाबून धरू?"